जुलेखाभाभींचा कत्बा

आमच्या रेणुकाला पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार चार, फेब्रुवारीची एकोणीस तारीख. सकाळी दवाखान्यातून निरोप आला आणि दुपारी मी बर्फीचा पुडा घेऊन शेडवर आलो, तर नईम माझ्या आधीच येऊन एका दगडावर बसलेला.

“अरे, घे. आजोबा झालो मी.”

“मुबारक हो चाचा.” त्यानं एक तुकडा उचलला, पण खाल्ला नाही, हातात तसाच धरून ठेवला. त्याची आई जाऊन सोळा दिवस झाले होते. दुसऱ्या हातानं त्यानं पिशवीतून एक गुंडाळी काढली. “कागद आणलाय. अम्मीच्या कत्ब्याचा.”

कत्बा म्हणजे कबरीच्या डोक्याशी उभा करतात तो नावाचा दगड. उदगीरच्या कब्रस्तानात असे दोनशेच्या वर दगड माझ्या हातचे आहेत. आम्ही वडार. बापानं जन्मभर दळायची जाती आणि पाटे छिन्नीनं टाकवले, मीही तेच शिकलो, आणि घराघरात मिक्सर आल्यावर कत्ब्यांवरच माझं घर चाललं. अक्षर मात्र मला एकही येत नव्हतं. उर्दू नाही आणि मराठीही नाही. लिहायचं काम नईमच्या वडिलांचं. सय्यद बुऱ्हानुद्दीन त्यांचं नाव, पण सगळं गाव त्यांना कातिबसाहेब म्हणायचं. ते बरूच्या कलमानं कागदावर लिहून द्यायचे. मी त्या कागदाच्या पाठीला गेरू चोळायचो, कागद दगडावर ठेवून बांबूच्या काडीनं रेघांवरून फिरायचो, आणि खाली उमटलेल्या तांबड्या रेघा छिन्नीनं कोरायचो. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं.

आता कातिबसाहेबांचे डोळे गेले होते. काचबिंदू. बायको गेल्यावर तिच्या दगडासाठी त्यांनी स्वतः लिहून बघितलं, पण एक ओळ दुसरीवर चढली आणि नाव दोनदा पडलं. तेव्हा नईम म्हणाला, अब्बा, तुम्ही तोंडानं सांगा, मी कम्प्यूटरवर काढून आणतो. तो लातूरला लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कामाला होता.

मी गुंडाळी उलगडली. भोवती वेलबुट्टीची चौकट होती. मधे चार ओळी. पहिल्या ओळीत एकच शब्द, म्हणजे नाव. मी बराच वेळ बघत राहिलो.

“नईम, हे सुटं सुटं काय आहे?”

“काय सुटं?”

“अक्षरं. तुझ्या अब्बांची अक्षरं एकमेकाला धरून असतात. ही रेशनच्या रांगेत उभी केल्यासारखी आहेत.”

नईम हसला. “ते हातानं लिहिलेलं, चाचा. हे कम्प्यूटरचं आहे. नव्या पद्धतीचं असंच असतं.”

“तू वाचलंस?”

त्यावर तो जरा चिडला. तो मराठी शाळेत शिकलेला. उर्दूवर पोट भरत नाही म्हणून कातिबसाहेबांनीच त्याला तिथं घातला होता. “मी कशाला वाचू? उर्दू शाळेच्या शगुफ्ता टीचरनं टाइप करून दिलंय. फ्लॉपीत घालून लातूरला नेलं, आमच्या मशीनवर उघडलं, चौकटीत टाकलं, छापलं. टीचरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

“तसं नाही रे.”

“तुम्हाला वाचता येतं का चाचा?”

“नाही.”

“मग झालं तर. अब्बांनीच नियम घालून दिलाय ना तुम्हाला? कागदावर आहे तेच दगडावर.” तो उठला, बर्फी तोंडात टाकली आणि पँट झटकली. “तेरा मार्चला चाळिसावा आहे. आदल्या दिवशी दगड घरी आणा. अब्बा बोट फिरवतील, मग कब्रस्तानात नेऊ.”

बोट फिरवणं ही कातिबसाहेबांची जुनी पद्धत. दगड शेडमधून निघायच्या आधी ते यायचे आणि कोरलेल्या ओळीतून उजवीकडून डावीकडे बोट फिरवायचे. डोळे धड होते तेव्हाही हे काम ते डोळे मिटूनच करायचे. डोळा समजून घेतो, बोट घेत नाही, असं म्हणायचे. आणि नियमाचं म्हणाल तर तो एकोणऐंशी सालचा. माझा दुसरा की तिसरा कत्बा होता तो. त्यात एका शब्दाचा तुकडा ओळीच्या डोक्यावर चढवून लिहिलेला होता. मला वाटलं, कागदावर जागा पुरली नाही म्हणून वर गेला असेल. दगडावर जागा होती. नीट दिसावा म्हणून मी तो खाली ओळीत आणून बसवला. बोट तिथं आलं आणि थांबलं.

“हे वर होतं. खाली कुणी आणलं?”

“मीच साहेब. इथं जागा होती, म्हणून.”

“जागा होती! आता तू मला जागा दाखवणार?”

तो दगड त्यांनी माझ्याच हातोड्यानं माझ्याकडून फोडून घेतला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते जमिनीवर बसून कलम तासत होते. मी म्हणालो, “साहेब, मला वाचायला शिकवा. म्हणजे पुन्हा असं होणार नाही.”

“नक्को.”

“का साहेब?”

“पाथरवटाला वाचता यायला लागलं की तो दुरुस्त्या करायला लागतो. न वाचता तू आज हे केलंस, वाचून काय करशील? तुझा हात स्वच्छ आहे यल्लप्पा, कारण तुझं डोकं मधे येत नाही. ते तसंच राहू दे. कागदावर आहे तेच दगडावर. एवढंच लक्षात ठेव.”

पडद्याआडून त्यांच्या बायकोचा, जुलेखाभाभींचा आवाज आला. “शिकवा की त्याला. अलिफ-बे काय तुमच्या अब्बांची जायदाद आहे?”

“तू शाई घोट.”

“घोटतेच आहे. हात गुंतलाय, तोंड मोकळं आहे.”

ते हसले, मीही हसलो. शिकवलं मात्र नाही. पुढं मी आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे चार माणसं बसली होती. ते त्यांना म्हणाले, “हा बघा, छिन्नी सोडून कलम मागतोय. उद्या मशिदीत इमामत मागेल.” चौघं हसले. त्यातला एक तर डोळे पुसेपर्यंत हसला. त्यानंतर मी विचारणं सोडलं. दगड देत राहिलो. सणावाराला त्यांच्या घरी शीरखुर्मा खात राहिलो. रेणुकाच्या लग्नात भाभींनी हिरवं लुगडं दिलं.

तर नईमनं आणलेल्या कागदाच्या पाठीला मी गेरू चोळला. शहाबादी दगड होता, करड्या रंगाचा, चांगला घोटून घेतलेला. काम सोपं होतं. सुटी अक्षरं कोरायला सोपी जातात, एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना छिन्नी वळवावी लागत नाही.

पाचव्या दिवशी बाजारातून येताना मी कातिबसाहेबांच्या घरावरून गेलो. ते ओट्यावर बसले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांना बरोबर ओळखू आला.

“यल्लप्पा?”

“हो साहेब.”

“नात झाली म्हणे तुला. जुलेखा असती तर आतापर्यंत झबलं शिवून झालं असतं.”

“हो साहेब.”

“बस की.”

मी बसलो नाही. हातात भाजीची पिशवी होती, ती या हातातून त्या हातात घेतली.

“कागद कसा आलाय?” त्यांनी विचारलं.

“चौकट फार सुरेख आहे.”

“चौकट काय चाटायची आहे? अक्षर कसं आहे?”

समोरच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता.

“चांगलं आहे,” मी म्हणालो.

“शेवटची ओळ आहे ना, लांब, ती मी सांगितलेली. रिवाजानं तिथं दुआ असते. मी म्हटलं, दुआ मी मनात करीन. तिथं लिहा, हिनं चाळीस वर्षं माझी शाई घोटली. नईम म्हणाला, अब्बा, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक वाचतील, आणखी काय म्हणतील!” ते स्वतःशीच हसले. “काजळ आणि डिंक. हात कोपरापर्यंत काळे असायचे तिचे. गावातल्या सगळ्यांच्या बायकांची नावं लिहिली मी, यल्लप्पा. हिची एक ओळ, तीही मशीनकडून लिहून घ्यावी लागली. असो. लोकांना वाचता आली म्हणजे झालं.”

“येतो साहेब,” मी म्हणालो, “शेड उघडंच टाकून आलोय.”

शेड उघडं नव्हतं.

बारा मार्चला आम्ही दगड हातगाडीवरून त्यांच्या घरी नेला आणि ओट्यावर भिंतीला टेकवून उभा केला. नईम रजा घेऊन आला होता. कातिबसाहेब वजू करून, हातपाय धुऊन आले, धुतलेला सदरा घातलेला, आणि दगडासमोर गुडघ्यांवर बसले. आधी दोन्ही तळहातांनी त्यांनी कडा चाचपल्या. चौकटीतली वेल लागली तेव्हा नाक मुरडलं. मग उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाला ठेवलं.

“इथं अलिफ कुठून आला?”

नईम दगडाजवळ सरकला.

बोट उचललं, पुढं टेकलं. “खे. एकटाच.” पुन्हा उचललं. “ये.” पुन्हा. “लाम.” डाव्या टोकाला पोचल्यावर बोट तिथंच थांबलं. “जे. हा पहिला पाहिजे, हा शेवटी बसलाय. शेपटाकडून लिहिलंय हे. सगळं तोडून शेपटाकडून लिहिलंय.”

दुसरी ओळ त्यांनी भराभर बघितली, तिसरी त्याहून भराभर. चौथ्या ओळीवर ते दोन्ही हात फिरवत राहिले, जसं काही हाताखाली दुसरी कुठली तरी ओळ सापडेल.

“नईम.”

“जी अब्बा.”

“काय आणलंस तू हे?”

“मशीनवर असंच आलं अब्बा. टीचरनंच टाइप केलं होतं.”

“शगुफ्तानं? असं?” त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. डोळ्यांत पांढुरकी छटा होती. “यल्लप्पा?”

“कागदावर होतं तेच आहे साहेब.”

मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

“तुझी काय चूक आहे,” ते म्हणाले, “तुला कुठं कळणार.”

मी मान हलवली. त्यांना दिसत नव्हतं, तरी हलवली.

नईम खाली बसला. “अब्बा, उद्या सगळे येणार आहेत. हैदराबादहून खाला निघालीसुद्धा. आणि खरं सांगू का, उर्दू वाचणारे उरलेत किती? अर्ध्या लोकांना तर कळणारही नाही.”

“मला कळतं,” कातिबसाहेब म्हणाले.

“साहेब, पंधरा दिवस द्या,” मी म्हणालो. “दुसरा दगड करतो.”

“लिहिणार कोण?”

गावात दुसरा कातिब नव्हता. मशीनचं नाव काढायची नईमची आता हिंमत नव्हती. कातिबसाहेबांनी सदऱ्याला बोटं पुसली. मग भिंतीचा आधार घेऊन उठले. “लावा. चाळिसाव्याला ती बिननावाची नको.”

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात पन्नास-साठ माणसं होती. दगड मीच बसवला, खाली चुन्याचा गिलावा केला आणि बाजूला झालो. फातिहा झाला. मग उर्दू शाळेचे हेडमास्तर चष्मा पुसत पुढं झाले, वाकले, पहिली ओळ वाचायला लागले आणि अडले. पुन्हा वाकले.

“कातिबसाहेब, हे, हे डावीकडून वाचायचं का?”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “अंग्रेजी उर्दू आहे मास्तर.”

दोघं-तिघं हसले, लगेच खोकले. आजूबाजूला सगळे कत्बे कातिबसाहेबांच्या हातचे. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. हसू आलं त्या बाजूला त्यांनी तोंड वळवलं, आणि मग पुन्हा सरळ केलं. नईम बापाचा दंड धरून त्यांना फाटकाकडे घेऊन गेला.

तीन दिवसांनी शगुफ्ता टीचर माझ्या शेडवर आली. तिशीतली बाई, खांद्याला पर्स, पर्समधून फ्लॉपी काढून तिनं माझ्यासमोर धरली, जशी काही मला ती वाचता येणार होती.

“यल्लप्पामामा ना तुम्ही? सगळं गाव म्हणतंय, मी चुकीचं लिहून दिलं. कातिबसाहेबांनी मला अलिफ-बे शिकवली आहे मामा, पाच वर्षांची होते तेव्हा. त्यांच्या बायकोचं नाव मी चुकवीन?”

“तुम्हाला त्यांनी शिकवली?”

“आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना. का?”

“काही नाही.”

“काल मी लातूरला जाऊन आले. त्या छापखान्यात ही फ्लॉपी उघडून बघितली. माझं बरोबर आहे. एकही चूक नाही.”

“मग कागदावर तसं कसं आलं?”

ती खाली वाकली आणि दगडाच्या पाच चिपा उचलून तिनं फळीवर ओळीनं ठेवल्या. “मशीनच्या आत अक्षर नसतं मामा. आकडा असतो. अलिफचा एक आकडा, लामचा एक, प्रत्येकाचा एक. जुलेखा म्हणजे हे पाच आकडे, आपण बोलतो त्या क्रमानं. फ्लॉपीत एवढंच आहे.”

“आणि आकार?”

“आकार तिथं नसतोच. लाम शब्दाच्या सुरुवातीला एक दिसतो, मधे दुसरा, शेवटी तिसरा, आणि एकटा असला की आणखी वेगळा. आकार चार, पण आकडा एकच. चारातला कोणता घ्यायचा ते समोरचा प्रोग्राम ठरवतो. शेजारी कोण बसलंय ते बघतो आणि तसा जोडतो. उजवीकडून सुरुवात करायची, हेही त्यालाच माहीत असावं लागतं. माझ्या मशीनवरचा प्रोग्राम हे सगळं करतो. नईमच्या छापखान्यातला पत्रिकांचा आहे, मराठी-इंग्रजीसाठी. त्यानं आकडे घेतले, एकेकाचा एकटा असतानाचा आकार काढला, आणि डावीकडून मांडत गेला.”

“म्हणजे आकडे बरोबर होते.”

“सगळे बरोबर. त्याला जे दिलं तेच त्यानं मांडलं. हे एकमेकांना जोडायचं असतं, हे त्याला कळतच नव्हतं ना. कळत असतं तर असं झालं नसतं.”

मी चिपांकडे बघत राहिलो.

मला कळत होतं. कातिबसाहेब नवं कलम तासलं की ते चालतंय का बघायला एकच शब्द लिहायचे, जुलेखा. रद्दीवर, बिडीच्या कागदावर, कुणाच्या तरी लग्नाच्या आमंत्रणाच्या रुक्क्यामागे. पहिलं अक्षर सुटं, पुढची चार एका दमात. पंचवीस वर्षं तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. वाचता येत नव्हतं, पण डोळे बांधले असते तरी मी तो कोरून दाखवला असता. नईमनं आणलेली गुंडाळी उलगडली तेव्हा पहिल्या ओळीत ते नाव नव्हतं, आणि हे मला त्याच क्षणी समजलं होतं.

“तुम्हाला जरासुद्धा वाटलं नाही का मामा, की काही चुकलंय?” शगुफ्ता टीचरनं विचारलं.

“मला वाचता येत नाही बाई.”

“मग शिका!” ती रागानंच बोलली. बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी वाटलं असावं.

“शिकवाल?” मी म्हणालो.

मी शाळा सुटल्यावर तिच्या वर्गात जाऊन बसायचो. माझं वय पंचावन्न. बोटांना पेन्सिल धरवत नव्हती, मग तिनं जाड खडू दिला. मी शेडमधल्या फरशांवर गिरवायचो आणि पाणी ओतून पुसायचो. सुनेनं विचारलं, मामा, या वयात मुसलमान होता की काय? मी म्हटलं, आधी वाचता येऊ दे, मग बघू. मराठी मी नंतर शिकलो, त्याच खडूनं. आज हे लिहितोय ते त्यामुळे.

पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी मी नवा दगड घेतला. मजकूर तोच, शगुफ्ता टीचरकडून तपासून घेतलेला. कागदावर मीच लिहिलं. कातिबसाहेबांच्या जुन्या कत्ब्यांसमोर चार-चार तास बसून त्यांची वळणं बघितली होती, पण माझ्या हातून ती आली नाहीत. चौकट काढली नाही.

मार्चमधे एका सकाळी मी तो हातगाडीवरून त्यांच्या घरी नेला. नईम लातूरला होता. कातिबसाहेब फार वाळले होते. मी दगड त्यांच्यासमोर उभा केला आणि त्यांचं बोट धरून उजव्या टोकावर ठेवलं.

ते पहिल्या ओळीतून फिरले. शेवटी थांबले. परत मागं येऊन पुन्हा फिरले.

“कुणी लिहिलं हे?”

“मी साहेब.”

त्यांनी चारही ओळी वाचल्या. शेवटची वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

“अक्षर बेढब आहे,” ते म्हणाले. “लाम म्हाताऱ्यासारखा वाकलाय. ‘खे’चं पोट बघ कसं सुटलंय.” मग म्हणाले, “पण वाचता येतं. किती दिवस लागले?”

“कोरायला नऊ.”

“शिकायला?”

“अकरा महिने.”

“अकरा महिने,” ते म्हणाले. आणि पुन्हा, “अकरा महिने फक्त. जुलेखा सांगत होती मला, शिकवा म्हणून. मी तिचं ऐकलं असतं तर तो कागद बघितल्याबरोबर तू पळत येऊन मला सांगितलं असतंस. माझीच चूक झाली यल्लप्पा.”

तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

“मला कळलं होतं साहेब.”

“काय कळलं होतं?”

“कागद चुकलाय ते. उलगडला तेव्हाच.”

“तुला कुठं वाचता येत होतं तेव्हा?”

“भाभींचं नाव येत होतं.”

त्यांनी बोट दगडावरून काढून घेतलं. “त्यानंतर तू इथं आला होतास. तिथं उभा होतास, बसला नाहीस. मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“मग?”

“तुम्ही मला शिकवलं नाही, चार माणसांत हसलात. सगळ्या गल्लीला शिकवलंत, मला नाही. मला वाटलं, एकदा तुम्हालाही कळू दे.”

गिरणी चालू होती. कुणीतरी दळण घेऊन गेलं, जाताना त्यांना सलाम करून गेलं, त्यांनी उत्तर दिलं नाही.

“राग माझ्यावर होता,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“मग माझ्या दगडाची वाट बघायची होतीस. तिच्या दगडावर का काढलास?”

मी हातगाडीचा दांडा धरला.

“तिनं तर तुझी बाजू घेतली होती,” ते म्हणाले. मग हात लांब करून त्यांनी काठी शोधली. “घेऊन जा हा.”

“साहेब, तो जुना काढून हा बसवतो. मी एकटाच बसवीन, कुणाला बोलवू नका.”

“जुना राहू दे. हा घेऊन जा.”

ते आत गेले. आत दुसरं कुणी नव्हतं, तरी दाराला कडी लावल्याचा आवाज आला. मी दगड पुन्हा हातगाडीवर चढवला. उचलायला गिरणीवाल्यानं मदत केली. कुणाचा आहे, त्यानं विचारलं, मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही. दोनदा मी ओट्याजवळून गेलो, त्यांनी चपलांचा आवाज ओळखला आणि तोंड फिरवलं. आपल्या कबरीवर दगड लावायचा नाही, असं त्यांनी नईमला बजावून ठेवलं होतं. नईमनं लावला नाही, म्हणून मी कागदावर लिहितोय.

सय्यद बुऱ्हानुद्दीन, उदगीरचे कातिब, चौदा जून दोन हजार पाच रोजी, मंगळवारी दुपारी वारले.